माझे चार शतांश

मित्रांनो, मी एक जुनी मिलिंग मशीन आहे. लोखंड कापते, भोकं पाडते, खाचा काढते. वजन साडेतीन टन, रंग कधीकाळी हिरवा, आणि स्वभाव, खरं सांगायचं तर, जरा गर्विष्ठ. सोमवारपासून मात्र माझ्या मोटारी बंद असल्या तरी मला आतून धडधडल्यासारखं होतंय. जे घडलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण त्याआधी थोडं मागचं ऐका.

वितळलेलं लोखंड साच्यात ओतून माझा देह घडवला गेला. मग मला कित्येक महिने उघड्यावर नुसतं पडू दिलं. घाई केली तर लोखंडही वाकडं होतं म्हणे. नंतर कारागिरांनी माझ्या सरकत्या पट्ट्या हाताने घासून घासून सपाट केल्या, मोटारी बसवल्या, आणि शेजारी कपाटाएवढा कंट्रोलर उभा केला. तोच माझं डोकं. भोकं पाडलेली कागदाची पट्टी त्याच्या तोंडात दिली की तो वाचायचा आणि मला सांगायचा, इतकी उजवीकडे जा, इतकी मागे ये. मी मुकाट्याने तशी चालायचे.

ज्या कारखान्यात मी आले त्याच्या दारातून मी मावेना, म्हणून मालकांनी भिंत फोडली. नव्या सुनेसाठीसुद्धा कुणी भिंत फोडत नाही, तेव्हा माझा तोरा काय असेल बघा.

मला चालवायला जे गृहस्थ मिळाले त्यांना सगळे मिलिमीटरकाका म्हणतात. अर्धा कप चहा दिला तर 'अर्ध्याला दोन मिलिमीटर कमी आहे' असं सांगणारा माणूस. प्रत्येक जॉबचे, म्हणजे कापायच्या तुकड्याचे, आकडे ते आधी पेन्सिलीने वहीत लिहायचे आणि मग त्यांची पट्टी बनवायचे. वर्षानुवर्षं आमच्याकडून गेलेला एकही जॉब परत आला नाही. पाहुणे आले की मालक त्यांना थेट माझ्यापाशी आणत, माझी पाठ थोपटत आणि म्हणत, "ही कधी चुकत नाही." मलाही ते पटलं होतं. स्तुती ऐकायला कुणाला आवडत नाही?

मग एके दिवशी कंट्रोलरमधलं सर्किटचं एक कार्ड जळालं. तसलं कार्ड आता जगात कुणीच बनवत नाही, असं कळलं. दोन वर्षं मी ताडपत्रीखाली पडून होते. माझ्या ज्या टेबलावर काका धुळीचा कण बसू देत नसत, त्यावर लोक डबे ठेवू लागले, ओले रुमाल वाळत घालू लागले. मला फार वाईट वाटायचं. काका तेवढे दर आठवड्याला ताडपत्री उचलून तेल घालायचे, माझे स्क्रू हाताने फिरवायचे आणि "काय म्हातारे?" असं विचारून जायचे.

शेवटी मालकांना जागा हवी झाली. भंगारवाला येऊन माझी लांबीरुंदी घेऊन गेला. माझी तर पाचावर धारण बसली. त्या दिवशी मध्ये पडल्या त्या वहिनी, म्हणजे मालकांची सून. बंद पडलेले कंट्रोलर दुरुस्त करणं हेच त्यांचं काम.

"बाबा, हिचं डोकं गेलंय, हातपाय शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "मी नवीन डोकं बसवते."

"नाकापेक्षा मोती जड व्हायचा, सूनबाई."

"घरी जुना कॉम्प्युटर पडलाय तोच वापरते. मोटारींना वीज पुरवणारे ड्रायव्ह आणि वायरी तेवढ्या आणू. दहा दिवस द्या."

मालक म्हणाले, "दिले. पण दहा दिवसांनी, सोमवारी दुपारी तीनला भंगाराचा ट्रक येणार. त्याआधी काकांच्या वहीतला तो चार भोकांच्या प्लेटचा जॉब हिच्यावर काढून दाखवायचा. प्लेट चार पिनांवर आपल्या वजनाने बसली पाहिजे. हातोडी लागली, तर हिला ट्रकवर चढवायचं."

मित्रांनो, ते दहा दिवस काय वर्णावे! जुन्या कपाटातून टोपलीभर वायरी निघाल्या, पालीची वाळकी अंडी निघाली, कुणाचा तरी हरवलेला स्क्रूड्रायव्हरही निघाला. प्रत्येक वायरीला वहिनींनी चिठ्ठी बांधली. मग कॉम्प्युटर आला. त्याच्या कडेला कुणीतरी फुलपाखराचं चित्र चिकटवलेलं होतं. एवढंसं ते खोकं माझं नवं डोकं! पहिल्यांदा त्याने मला उजवीकडे जायला सांगितलं आणि मी डावीकडे निघाले. काकांनी झडप घालून लाल बटण दाबलं. वहिनींनी हसत एका आकड्यापुढे उणे चिन्ह घातलं आणि मी, दोन वर्षांनी, स्वतःच्या मोटारीवर, हवं तिकडे सरकले. मला नाचावंसं वाटलं.

आता माझं एक दुखणं सांगते. मला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. माझं टेबल एका लांब स्क्रूवर चालतं. तो स्क्रू झिजला आहे. त्यामुळे टेबल एका दिशेने जाऊन परत फिरलं की स्क्रू आधी थोडा रिकामाच फिरतो आणि मग टेबल हलतं. वहिनींनी डायल गेज, म्हणजे बारीक अंतर दाखवणारं काट्याचं मापक, लावून ही ढिलाई मोजायला घेतली.

"चार शतांश," काका म्हणाले. वहिनींनी गेजवर वाचलं, तर बरोबर चार. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले चार. काकांना ते मोजायच्या आधीच कसं कळलं, हे त्या गडबडीत कुणी विचारलं नाही. नव्या डोक्यात हा आकडा लिहायची सोय होती. दिशा बदलली की कॉम्प्युटर आपणहून स्क्रू तेवढा जास्त फिरवणार. वहिनींनी चार लिहिला आणि निश्चिंत झाल्या.

सोमवार उजाडला. काकांच्या वहीतले आकडे वहिनींनी जसेच्या तसे कॉम्प्युटरला दिले. मी सुरू झाले. लोखंडाच्या काय सुरेख चिप्स उडाल्या! पण प्लेट पिनांवर ठेवली आणि ती अडकली. काकांनी मोजलं. जाताना पाडलेली दोन भोकं बरोबर होती, परत येताना पाडलेली दोन चार शतांशांनी चुकली होती.

"कॉम्प्युटर कमी फिरवतोय," असं म्हणून वहिनींनी घाईत चाराचे आठ केले. दुसरी प्लेट काढली. चूक आठ शतांशांची झाली. मोटारी तपासल्या, वायरी तपासल्या, डायल गेजसुद्धा दुसरा आणला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण तेव्हा कुणाला ते कळत नव्हतं. अडीच वाजले. बाहेर ट्रक अर्धा तास आधीच येऊन थांबला.

वहिनी स्टुलावर बसल्या. "वाढवलं तर चूक वाढते. मग शून्य करून बघू." तिसरी प्लेट निघाली. मालकांनी ती पिनांवर ठेवली आणि ती अलगद खाली बसली.

मी सुटले, मित्रांनो! मालक हसले, ट्रकवाल्याला सांगायला दाराकडे वळलेसुद्धा. आणि वहिनींनी त्यांना थांबवलं.

"बाबा, हे बरोबर नाही."

"बसली ना प्लेट? मग?"

"बसायला नको होती. स्क्रूची ढिलाई आहे तिथेच आहे, कॉम्प्युटर ती भरत नाहीये, तरी भोकं बरोबर येताहेत. का, ते मला कळत नाही. जे मला कळत नाही त्यावर मी गिऱ्हाइकाचा जॉब लावणार नाही. उद्या नवीन जॉब दिला तर ही चुकेल."

मालकांचा चेहरा उतरला. "म्हणजे ट्रक भरायचा?"

वहिनींनी प्लेट पिनांवरून काढून बाजूला ठेवली. मला त्यांचा असा राग आला! हातातोंडाशी आलेला घास काढून घ्यायची काय गरज होती?

तेवढ्यात काका पुढे आले. हातात वही होती.

"मालक, ते चार शतांश मी भरतोय."

"म्हणजे?"

"ही बंद पडायच्या आधी अकरा वर्षं. हिचा स्क्रू झिजला तेव्हा वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही हिला काढून टाकाल. म्हणून परतीच्या प्रत्येक आकड्यात मी चार मिळवून लिहायला लागलो. कुणाला बोललो नाही. आता तर हाताला इतकी सवय झालीय की ते मिळवलेले असतात, हेच विसरलो. वहिनी, तुम्ही पण चार भरले, मी पण चार भरले."

वहिनींनी कपाळावर हात मारला आणि खळखळून हसल्या. मालक मात्र हसले नाहीत. "अकरा वर्षं मी हिची पाठ थोपटत होतो," ते म्हणाले.

"थोपटलीत ते बरं केलंत," काका म्हणाले. "तिला आवडायचं."

मित्रांनो, त्या क्षणी मला इतकी लाज वाटली! मी कधी चुकत नाही म्हणे. मी तर प्रत्येक फेरीत चुकत होते आणि एक माणूस पेन्सिल घेऊन माझी चूक पोटात घालत होता. आणि त्याच वेळी माझ्या मनात काकांबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की बोलता आलं असतं तर काय बोलले असते कोण जाणे.

काकांनी खोडरबराने परतीच्या आकड्यांतले चार काढले. वहिनींनी कॉम्प्युटरला चार परत दिले. तीनला पाच मिनिटं होती. चौथी प्लेट मी जिवाच्या आकांताने काढली. ती पिनांवर ठेवून मालकांनी दोन्ही हात मागे घेतले. टक्. प्लेट बसली. यावेळी ती का बसली, हे तिघांनाही ठाऊक होतं.

ट्रक रिकामा गेला नाही. माझं जुनं कपाट त्यात चढलं. ते जाताना मला थोडं भरून आलं, नाही म्हणत नाही.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्याकडे सायकल असेल, शिलाई मशीन असेल, एखादा घरघरणारा पंखा असेल. त्याला तेल घाला, त्यावर ओले रुमाल टाकू नका, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याचं काही बिघडलं असेल तर मोठ्याने सांगा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण काकांनी मायेने झाकलेल्या मुठीपायी मी ट्रकवर चढता चढता राहिले. आता काकांनी माझ्या अंगावर, येणाऱ्या पाहुण्याला पहिल्यांदा दिसेल अशा जागी, एक कागद चिकटवला आहे. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे, 'स्क्रूमध्ये ढिलाई, चार शतांश. दर महिन्याला मोजावी.' काल पाहुणे आले तेव्हा मालकांनी माझी पाठ थोपटली नाही. त्यांनी काकांना पुढे बोलावलं आणि म्हणाले, "हिच्यात काय बिघाड आहे, ते तुम्हीच सांगा यांना."