पूजेला बसलेलं यंत्र

हो हो, तुमच्याशीच बोलतोय! खिडकीच्या गजांतून रोज माझी पाठच बघता, आज जरा तोंडाकडे बघा. मी नाशकातल्या एका पालिका कार्यालयातला, जन्म-मृत्यू नोंदणीचा कॉम्प्युटर. जन्मलो कुठल्याशा कारखान्यात, पण मला माणसांत आणलं ते इथल्या कारकून साधनाताईंनी.

अकरा वर्षं झाली. जुन्या रजिस्टरांना वाळवी लागली होती. ताईंनी एकेक पान भिंगातून वाचून माझ्यावर टाइप केलं, ते कार्यालयाच्या सर्व्हरमध्ये साठलं. मान आखडली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, पण बाई हटली नाही. पुढे कितीतरी पानांचा भुगाच झाला. त्या माणसांच्या जन्माची खूण आता फक्त ताईंच्या नोंदींत. मला त्याचा केवढा तोरा!

यंदा पालिकेने बाहेरच्या कंपनीला दिलेलं सायबर सुरक्षेचं काम वाढवलं. आधी कंपनी फक्त मुख्यालयाची राखण करायची, आता आमचीही करणार. ताई वैतागल्या. "पुण्यात बसून आमच्यावर कोण नजर ठेवणार? नसती ब्याद!" मलाही पटलं. आम्ही दोघं दीडशहाणे!

नवरात्रात ते शहाणपण नडलं. एक मेल आला, 'दिवाळी बोनसच्या यादीत आपलं नाव तपासा.' ताईंनी भाबडेपणाने पासवर्ड टाकला. यादीबिदी काही उघडली नाही. "नेट गेलं वाटतं," म्हणाल्या आणि विसरल्या. मीही ठोंब्यासारखा पुढच्या नोंदीकडे वळलो.

खंडेनवमीला नवसाबाई आल्या. मळ्यातली भाजी विकणाऱ्या, साठी उलटलेल्या. त्यांना जन्माचा दाखला हवा होता आणि नोंद नेमकी त्या भुगा झालेल्या पानांतली.

"ताई, माझं नाव हाय ना नक्की त्यात?"

"आहे हो! साहेबांची सही राहिलीय. दसरा झाला की या."

दुपारी खिडकी बंद झाली. मला बंद करून, पुसून, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मी ऐटीत बसलोय तोच फोन वाजला. पलीकडे कंपनीचा प्रफुल्ल.

"मॅडम, तुमच्या नावाने सर्व्हरवरच्या जुन्या नोंदी पुसायचा हुकूम आलाय. दसऱ्याची साफसफाई काढलीत का? मी दोन मिनिटं अडवून धरलाय. तुमचंच काम असेल तर सोडतो."

"माझं? अहो, आज खंडेनवमी! यंत्र पूजेला बसलंय. आज त्याला कोण हात लावेल?"

"मग तुमच्या नावाने आत कोण शिरलंय?"

 ताईंना तो बोनसचा मेल आठवला. "अरे बाळा, सोडू नकोस! चूक माझीच आहे, पासवर्ड मीच दिला. त्या नोंदींचे कागद आता उरले नाहीत रे!" बोलताना रडू फुटलं त्यांना. मला तर भुईत गडप व्हावंसं वाटलं.

फोनवर नुसती खटखट. मग प्रफुल्ल ओरडलाच, "काढला बाहेर! कुलूप बदललं. एकही नोंद गेली नाही, मॅडम!"

काय जल्लोष झाला म्हणता! शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. ताई डोळे पुसत म्हणाल्या, "याला नसती ब्याद म्हटलं होतं मी!" आणि फोनवरच त्याला दसऱ्याच्या जेवणाचं आवतण दिलं.

सुट्टी संपली, तसा पहिला दाखला नवसाबाईंचा छापला. ताईंनी वाचून दाखवला. बाईचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव अक्काबाई.

"आयचं बी नाव हाय?" नवसाबाई खिडकीला चिकटल्या. "मला जन्म दिला आन् गेली. फोटू नाय, काय नाय. तिचं नाव कुठंच लिवलेलं नव्हतं वो."

मी आता थकलोय, पुढच्या वर्षी माझ्या जागी नवा येईल. येऊ दे खुशाल! तुम्ही मात्र कुणी पासवर्ड मागितला तर आधी चार ठिकाणी विचारा, एवढंच या म्हाताऱ्याचं मागणं. बाकी मी तृप्त आहे. ती बघा, नवसाबाई अजून खिडकीशीच उभ्या आहेत. "ताई, आयचं नाव परत वाचा," म्हणतायत, आणि ताई तिसऱ्यांदा वाचतायत.