जिंकता लंगोट

मलकापूरच्या तालमीतला गुंडा पैलवान बारा दिवसांनी आटपाडीच्या मैदानात उतरणार होता, तोही रजेवर आलेल्या जोतीराम हवालदाराशी. हवालदार म्हणजे पलटणीतला नामी मल्ल, आजवर त्याची पाठ मातीला लागलेली नव्हती. त्याचं नुसतं नाव निघालं तरी गुंडाचे दंड फुरफुरत. पण एवढ्या मोठ्या गड्याला एका फालतू गोष्टीनं हैराण करून सोडलं होतं. जांघेत खाज सुटायची. बैठका मारताना सुटायची, मारुतीपुढं हात जोडताना सुटायची, आणि तेव्हा जोडलेले हात जोडलेलेच ठेवायला सगळं बळ खर्ची पडायचं.

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. गुंडाला जावई कुठला, त्याचं लग्नच झालं नव्हतं, आणि खरी पंचाईत तीच होती. बिनलग्नाच्या पैलवानाला तिथं खाज सुटली तर लोक काय समजतील, हे सांगायला शहाणा लागत नाही. एका सकाळी त्याचा जोडीदार नाथाजीनं त्याला कुस्तीच्या तांबड्या मातीच्या हौद्यामागं खाजवताना धरलंच.

"कराडात तमाशाचा फड आलाय म्हनं. जाऊन आलास काय रं?"

"आईची आण, न्हाई गड्या."

नाथाजी हसला आणि दुपारपर्यंत सगळी तालीम हसली. संध्याकाळी गोष्ट केरबा वस्तादांच्या कानी गेली. वस्तादांना ना बायको ना पोर, तालीम हाच त्यांचा संसार.

"खरं असंल तर आटपाडी इसर," ते म्हणाले. "आन् तालमीचा उंबरा बी."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवताच गुंडा चालत कराडला गेला आणि चिंतामण डॉक्टरांपुढं मान खाली घालून उभा राहिला. डॉक्टरांनी त्याला खिडकीपाशी उजेडात घेतलं.

"जखम, चट्टा? लघवीला आग होते? पू जातो?"

"न्हाई जी."

"बोटांच्या बेचक्यांत खाजतं? घरात आणखी कुणाला?"

"न्हाई."

डॉक्टर वाकून बघत होते. "कडेला लाल आणि मधे फिकं. गरमी नाही, परमा नाही, खरूजही नाही. हे गजकर्ण आहे. लंगोट कधी धुतला होतास?"

गुंडा घुटमळला. तालमीचा रिवाज होता. ज्या लंगोटात कुस्ती मारली, तो जिंकता लंगोट. पुढची मोठी कुस्ती ज्याची, त्यानं तोच बांधायचा, आणि कुणीतरी हरेपर्यंत त्याला पाणी लावायचं नाही, नाहीतर गुण धुऊन जातो. दर शनिवारी खुद्द वस्ताद तोच बांधून मारुतीला शेंदूर लावत.

"माघापासनं न्हाई धुतला. सात कुस्त्या मारल्यात त्यानं, डाक्टरसायेब."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घाम, ओल आणि वर सगळ्या तालमीच्या जांघा. अरे, ही बुरशी आहे, यात बाईचा काही संबंध नाही. लंगोट उकळ, कडक उन्हात वाळव. हे मलम दोन वेळा लाव आणि जागा कोरडी ठेव. आणि ज्यांनी ज्यांनी तो बांधला, त्यांनाही विचार."

गुंडा परतीची वाट जवळजवळ पळतच आला. आनंदानं त्याला ऊन जाणवलं नाही. तालमीच्या दारात मात्र पाय अडले. जिंकता लंगोट धुवा म्हणणं म्हणजे मारुतीचा शेंदूर खरवडा म्हणण्यासारखं, आणि कापड रेशनवर असताना नवा आणायचा कुठून? पण गप्प राहिलं तर डाग जन्माचा. त्यानं हौद्याशी उभं राहून सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

"वस्ताद, मी कुटं गेलो न्हाई. गजकर्ण हाय ह्ये. लंगोट न धुतल्यानं हुतंय. आन् ज्यानं ज्यानं त्यो बांधला, त्याला बी हुनार."

कुणी हसलं नाही. नाथाजीचा हात कमरेखाली गेला आणि पटकन वर आला. बाकीचे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडं बघत राहिले.

"घरी जा," वस्ताद म्हणाले.

संपलं सगळं, असं गुंडाला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपली घोंगडी आणायला तालमीत आला, तर मागच्या अंगणातून धूर येत होता. गुऱ्हाळातली काहील तीन दगडांवर चढली होती, हौद्याच्या मातीनं लालभडक झालेलं पाणी उकळत होतं, आणि त्यात तालमीतले झाडून सगळे लंगोट. धोतर खोचून वस्ताद स्वतः काठीनं ते ढवळत होते. सगळ्यांत वर जिंकता लंगोट होता.

"बगतोस काय? जाळ घाल," ते म्हणाले. मग इकडंतिकडं बघून आवाज उतरवला. "त्ये मलम किती उरलंय?"

गुंडानं कनवटीची डबी काढून दिली. वस्ताद मारुतीच्या मागं गेले आणि बऱ्याच वेळानं मोकळ्या चेहऱ्यानं बाहेर आले.

"आता जोर काढ," ते म्हणाले. "आटपाडी धा दिसांवर हाय."