मधला रकाना

मेल्फर्ट गावात कुणी "कसं काय?" विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "तसं वाईट नाही." गारांनी पीक झोपलं तरी तसं वाईट नाही, नातू झाला तरी तसं वाईट नाही. आर्डिस लोफग्रेनचा नवरा वेन्डल वारला, तेव्हा चर्चच्या दारात उभी राहून तीही प्रत्येकाला हेच सांगत होती. त्या दिवशी तिच्या डोक्यात एकच विचार होता, आलेल्यांना सँडविच पुरतील ना? ती पुरली. आर्डिस रडली नाही. पुढे उन्हाळा गेला, बर्फ पडलं, तरी रडली नाही. हसूही आलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला असूनही आपला वाटत नाही, तसं तिला सगळं अंगभर झालं होतं. फक्त ते उतरत नव्हतं.

हिवाळ्यात लायब्ररीच्या फळ्यावर विद्यापीठाची सूचना लागली. सर्वसाधारण माणसांचं मन चांगलं राहावं म्हणून एक ऑनलाइन कोर्स तयार केलाय, त्याचा खरंच उपयोग होतो का हे तपासायचंय, माणसं हवीत. आर्डिसने नाव दिलं. का दिलं ते कुणाला सांगितलं नाही. तिला काहीतरी जाणवायला हवं होतं. रडू आलं असतं तरी चाललं असतं.

समोरच्या घरातल्या मर्ना हॉर्बेनेही नाव दिलं. "फुकट आहे म्हणून," ती म्हणाली. मुलीशी भांडण झाल्यापासून तिला झोप येत नव्हती, पण ते तिने अर्जात लिहिलं नाही.

कोणी कुठल्या गटात जायचं ते कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. आर्डिसला कोर्स मिळाला. मर्नाला थांबणाऱ्यांच्या गटात टाकलं. तिने दर आठवड्याला फक्त प्रश्नांची उत्तरं द्यायची, कोर्स मिळणार उन्हाळ्यानंतर. आणि दोघींनाही ताकीद होती : अभ्यास संपेपर्यंत धड्यांबद्दल कुणाशी बोलायचं नाही.

"म्हणजे तू ताजं जेवणार आणि मी उन्हाळ्यानंतर शिळं खाणार," गुरुवारी कॉफीला आल्यावर मर्ना म्हणाली. "सांग की काय शिकवलं ते."

"नियम आहे मर्ना."

"लोफग्रेनबाई, तुमच्या वर्गात कच्चं पोर मागे राहिलं तर तुम्ही काय करायच्या? नियम वाचून दाखवायच्या?"

आर्डिसचा सगळा जन्म दुसरीच्या वर्गावर गेला होता. पुढ्यात बसलेल्याला येत नाही आणि आपल्याला येतंय, हे तिला कधीच सहन झालं नव्हतं. तिने कप बाजूला ठेवला.

कोर्समध्ये तळ्याकाठी बसलेली एक बाई संथ आवाजात श्वास कसा घ्यायचा ते सांगायची. मर्नाला ते तसं सांगून कळणार नाही, हे आर्डिसला माहीत होतं. "हे बघ, समोर गरम सूप आहे. आधी नाकाने वास घे, सावकाश. आता फुंकर मार. एवढ्या जोरात नाही गं, सांडेल!" मर्ना हसली, पण तिने फुंकर मारली. दिवसातल्या चांगल्या गोष्टी लिहून काढा, असं दुसऱ्या धड्यात होतं. मर्नाला लिहायचा कंटाळा. आर्डिसने तिला अंड्यांचा रिकामा ट्रे आणि बटणांचा डबा दिला. चांगलं काही घडलं की एका खळग्यात एक बटण. सात वर्षांच्या मुलाला जमतं, तर हिला न जमायला काय झालं?

मर्नाला जमलं. ती झोपायला लागली. मुलीला फोन केला, पहिल्यांदा तिने आपटला, दुसऱ्यांदा बोलली. आता मर्ना ट्रे भरून आणायची आणि मुलांसारखी पुढे करायची.

आर्डिसही सगळे धडे नेमाने करत होती. चांगल्या गोष्टींत तिने लिहिलं : कॉफी गरम होती. गाडी सुरू झाली. रस्त्यावरचं बर्फ काढलेलं होतं. लिहून झालं की ती ते वाचायची, जसा अनोळखी माणसाच्या घराचा पत्ता वाचावा. मग प्रश्न यायचे. 'मला आयुष्यात अर्थ वाटतो.' 'मी आनंदी असतो.' 'मी उदास असतो.' प्रत्येकापुढे पाच रकाने. ती प्रत्येक वाक्य नीट वाचायची आणि मधल्या रकान्यात खूण करायची. सहमत नाही, असहमतही नाही. तसं वाईट नाही.

एका सकाळी विद्यापीठातून टेगनचा फोन आला. दर आठवड्याला फोन करून धडे उघडतायत ना, ते विचारणारी ही मुलगी.

"मिसेस लोफग्रेन, रागावू नका हं. कॉम्प्युटरने तुमच्या नावापुढे लाल खूण केलीये. सगळी उत्तरं मधल्या रकान्यात आहेत. लोक न वाचताच खुणा करत सुटतात ना, तेव्हा असं होतं. अशांना आम्ही वगळतो."

"मी वाचल्याशिवाय खूण करत नाही. जन्मभर पोरांना तेच शिकवलं."

"तेच तर. आम्ही मध्ये एक फसवी ओळ घातलेली असते : 'इथे शेवटच्या रकान्यात खूण करा.' न वाचणारे तिथे सापडतात. तुम्ही दर वेळी बरोबर शेवटच्या रकान्यात केलीये. मग... बाकीचं सगळं खरं आहे का?"

आर्डिस खिडकीशी उभी होती. समोर मर्नाच्या धुराड्यातून धूर सरळ वर जात होता. 'तसं वाईट नाही' हे शब्द तोंडाशी आले होते. खरं सांगितलं तर आपल्याला कोर्समधून काढतील, हे तिला कळत होतं. सकाळी उठायला तेवढंच एक कारण होतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "वेन्डल गेल्यापासून मला काही होतच नाही. सुख नाही, दुःख नाही. तुमच्या कागदावर त्याच्यासाठी दुसरा रकाना नाही."

टेगन हळू म्हणाली, "हा कोर्स एवढ्यासाठी नाही पुरणार. तो ज्यांचं बरं चाललंय त्यांच्यासाठी आहे. आमच्या समुपदेशक बाई मंगळवारी तुम्हाला फोन करतील, चालेल? पण मग मला तुम्हाला यातून..."

"काढावं लागेल. ठीक आहे. आता काढतेच आहेस तर आणखी एक ऐक." आर्डिसने श्वास घेतला. "मर्ना हॉर्बेला सगळे धडे मी शिकवलेत."

"काय?"

"माझ्या टेबलाशी. दर गुरुवारी. तिचे आकडे वर गेले असतील. मला कोर्स दिलात, मी जागची हलले नाही. तिला दिला नाहीत, ती सुधारली. उद्या तुम्ही म्हणाल कोर्स कुचकामी आहे. पोरांनी पाट्या बदलल्या की गुण कुणाचे कुणाला जातात."

पलीकडे टेगनला हसू आवरेना, मग तिने माफी मागितली. "हे आमच्यासाठी फार वाईट झालं, मिसेस लोफग्रेन. बरं झालं सांगितलंत." मग तिने विचारलं, "तुम्ही त्यांना शिकवत असताना कुठला रकाना असायचा हो?"

आर्डिसने विचार केला. "तेव्हा माझ्याकडे लक्ष नव्हतं," ती म्हणाली. "पोरांकडे होतं. म्हणजे मर्नाकडे."

गुरुवारी मर्ना दार न वाजवताच आत आली. बूट झटकले, ट्रे टेबलावर आपटला.

"चुगलखोर! एवढी वर चढले होते मी, एका फोनसरशी नावच कापलं माझं! पहिल्यांदा कशात तरी पुढे होते गं."

"चूक माझी होती, मर्ना."

"होतीच. आता बस खाली. आता आपण दोघीही बाहेर, आता कुणाच्या बापाची भीती? आज मी बाई आणि तू पोर." ती आर्डिससमोर खुर्ची ओढून बसली. "फुंकर मार. मग वास घे."

"उलटं सांगतेयस. आधी वास."

"मला शिकवू नकोस, मी बाई आहे."

"मग नीट शिकव. सूप गरम आहे हे मुलाला आधी कळायला हवं, नाहीतर ते फुंकर कशाला मारेल?" आर्डिसने करून दाखवलं. सावकाश वास, सावकाश फुंकर. मर्नाने तिच्या मागोमाग केलं. कॉफी खरंच गरम होती, वाफ दोघींच्या मध्ये हलली.

"हां," मर्ना म्हणाली. तिने डब्यातून एक बटण काढून आर्डिसच्या तळहातावर ठेवलं. "टाक."

बटण वेन्डलच्या जुन्या कोटाचं होतं, तपकिरी, एका बाजूने टवका उडालेलं. आर्डिसने ते बोटांत फिरवलं. ते गार लागलं. उडालेली कड बोटाला टोचली.

"टाक की," मर्ना म्हणाली. "एवढा काय विचार? तुझ्या वर्गात एवढा वेळ लावला असता तर मधली सुट्टी बुडाली असती."

"थांब जरा," आर्डिस म्हणाली. "बघू दे मला आधी."

आणि मर्ना, जिला कधी थांबता येत नसे, थांबली.