साक्षीदाराची खुर्ची

शाळेच्या घंटेचा हातोडा चोरीला गेलाय, असं बाईंनी तिसरीच्या वर्गाला सांगितलं तेव्हा पोरं हरखली. हातोडा बाईंच्याच पिशवीत होता; हा तपासाचा खेळ त्यांनीच रचला होता. सकाळी लवकर येऊन त्यांनी शिपाईकाकांचा जुना बूट खडूच्या भुकटीत बुडवून व्हरांड्यात ठसे उमटवले होते, खिडकीच्या गजाला निळी लोकर अडकवली होती आणि संगीताच्या सरांना संशयित व्हायला कसंबसं राजी केलं होतं.

ठसे मोजून झाले. लोकर भिंगाखाली घालून झाली. मग बाईंनी आपली खुर्ची मध्ये ओढली आणि विचारलं, "आता साक्षीदार. मधल्या सुट्टीत कुणी काही पाहिलंय का?"

बडबडी लगेच खुर्चीत जाऊन बसली. तिचं नाव तसं पडलं होतं ते उगाच नाही.

"मी पाहिला चोर. मागच्या फाटकापाशी उभा होता."

"कसा होता दिसायला?"

"उंच. करडा कोट. हाताला पट्टी. त्याने विचारलं, तिसरीचा वर्ग कुठला? मी बोट दाखवलं."

पोरं खिदळली. बाईही हसल्या; या पोरीच्या तोंडाला कुलूप नाही, हे त्यांना ठाऊकच होतं. "अजून काय म्हणाला चोर?"

"टिल्लू कुठे बसते, ते विचारलं. म्हणाला, तिला सांगू नकोस, गंमत आहे."

बाईंचं हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी टिल्लूकडे पाहिलं. वर्गातली सगळ्यात लहानखुरी पोर. तिने दप्तर पोटाशी घट्ट धरलं होतं आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

प्रवेशाच्या दिवशी टिल्लूची आई आली होती, तेव्हा तिचा एक हात प्लास्टरमध्ये होता. "हिचे वडील आले तर हिला सोडू नका," ती खालच्या आवाजात म्हणाली होती. "कोर्टाचा हुकूम आहे. पण त्यांना हुकूम कळत नाही."

बाई खिडकीपाशी गेल्या. समोरच्या इमारतीच्या व्हरांड्यातून करडा कोट घातलेला एक माणूस चालला होता. लांबून दाखवलेलं बोट त्याला नेमकं कळलं नसावं; प्रत्येक वर्गाचं दार ढकलून आत डोकावत होता. घाई नव्हती त्याला.

बाईंनी दाराला वरची आणि खालची, दोन्ही कड्या घातल्या, पडदे ओढले आणि मुलांकडे वळल्या. आवाज कापू नये म्हणून त्यांनी तो मुद्दामच हळू केला.

"आता खेळाचा शेवटचा भाग. चोर आपल्याला शोधायला येतोय. सगळ्यांनी भिंतीला टेकून खाली बसायचं. जो आवाज करेल तो बाद. चोर काहीही बोलला तरी उत्तर द्यायचं नाही."

पोरं उंदरांसारखी भिंतीकडे सरकली. टिल्लूला त्यांनी आपल्या टेबलाखाली घेतलं, स्वतः तिच्यापुढे बसल्या आणि फोनवर मोठ्या बाईंना चार शब्द पाठवले.

बुटांचा आवाज आला. दारापाशी थांबला.

"बाई," बाहेरून आवाज आला. अगदी सभ्य आवाज. "मी पालक आहे. मुलीची आई दवाखान्यात आहे, न्यायला आलोय."

क्षणभर बाईंना वाटलं, खरंच असेल तर? मागे वळून पाहिलं तर टिल्लूने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हुंदकासुद्धा नव्हता. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, सरावाचं होतं.

दार हललं. मग जोरात हललं. "मला माहीत आहे, ती आत आहे." आता आवाजातला सभ्यपणा गळून पडला होता. "माझी पोर आहे ती. उघडा."

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. शेजारच्याने त्याचं तोंड दाबलं. खेळात हरायला कुणीच तयार नव्हतं.

दाराच्या वरची काच फुटून आत आली. पट्टी बांधलेला हात कडी चाचपू लागला. बाईंनी लाकडी फूटपट्टी उचलली आणि त्या हातावर हाणली, पुन्हा हाणली. हात मागे गेला. शिवी आली. तेवढ्यात बाहेर धावपळ झाली, शिपाईकाकांचा आवाज, संगीताच्या सरांचा आवाज, काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज. आणि मग बराच वेळ काहीच नाही.

"बाई, उघडा. मीच आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "पोलीस आलेत."

बाईंनी फूटपट्टी हातातच ठेवून दोन्ही कड्या काढल्या.

टिल्लूची आई आली ती धडधाकट, कामावरच्या कपड्यांतच. लेकीला तिने उचलून घेतलं आणि तशीच उभी राहिली.

बाकीची पोरं आपण जिंकलो म्हणून नाचत घरी गेली. बडबडी मात्र दाराशी रेंगाळली.

"बाई, तो खरा होता ना? आणि वर्ग मीच दाखवला."

बाईंनी तिला जवळ ओढून घेतलं. "तू आम्हाला सांगितलंस," त्या म्हणाल्या. "म्हणून दाराला कडी लागली."