तिसरी नस

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास साक्षीच्या जांघेतून वर सरकवलेली बारीक नळी तिच्या मेंदूतल्या तिसऱ्या नसेच्या तोंडाशी पोचली, आणि डॉक्टर गीतांजलींनी काचेपलीकडे उभ्या असलेल्या जानरावांना हातानं आत बोलावलं.

जानराव शिशाचा जड एप्रन सावरत आले. सारी नोकरी या हिंदी मुलखातल्या स्टील प्लांटच्या क्रेनवर काढलेला माणूस, पण टेबलापर्यंत जाताना दोनदा अडखळला. त्यांची मुलगी उताणी पडली होती. कपाळ पट्टीनं बांधलेलं, डोळे टक्क उघडे, आणि तोंड चालू, कबड्डीची कॉमेंटरी करावी तसं.

"रेडर ने लाइन पार कर ली है, दो को छू चुका है, अब तीसरे की तरफ..."

"इन्हें चुप मत कराइए, अंकल," डॉक्टर पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "यही तो चाहिए."

पडद्यावर साक्षीचा मेंदू काळ्या-करड्या रेघांनी भरला होता. डाव्या बाजूला, सुतळीचा गुंडा कुणी पायाखाली तुडवावा तसा रक्तवाहिन्यांचा गुंता. जन्मापासूनचा. तो कळला या एप्रिलमध्ये. भीमजयंतीच्या कबड्डीत, त्यांच्या वस्तीतल्या, कोहक्याच्या मैदानावर, फायनलची कॉमेंटरी करताना तिचा आवाज मधेच थांबला. माइक गेला असं समजून लोकांनी ऑपरेटरला शिव्या घातल्या. मग ती टेबलाखाली सापडली, हातपाय झाडत.

गुरुवारी सर्जन तो गुंता कापून काढणार होते. त्याआधी आज, त्याला रक्त पुरवणाऱ्या तीन नसा आतूनच डिंकासारख्या औषधानं बुजवायच्या होत्या. म्हणजे कापताना रक्त कमी वाहणार. दोन बुजल्या होत्या. तिसरी सगळ्यांत जाड, आणि बोलण्याच्या जागेला खेटून गेलेली. म्हणून तिच्यात आधी सुन्न करणारं औषध सोडायचं. काही मिनिटं तेवढा भाग झोपणार. तेवढ्या वेळात साक्षी नीट बोलली, तर नस बुजवायची. बोलणं बिघडलं, तर तिला हात लावायचा नाही.

"घर में कौन-सी भाषा?" डॉक्टरांनी आदल्या दिवशी विचारलं होतं.

"मराठीच चलती है हमारे घर में," जानराव ताठ बसून म्हणाले होते. शेजारी बसलेल्या रुक्माबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर उगाच नीट केला. साक्षी घरात मराठी ऐकत होती, आणि उत्तरं हिंदीत देत होती. शाळेत जायला लागली तेव्हापासून.

त्या ताठपणामुळेच आज जानराव आत होते. हिंदीची परीक्षा डॉक्टर घेणार, मराठीची त्यांनी घ्यायची.

औषध गेलं. डॉक्टरांनी चित्रं दाखवायला सुरुवात केली.

"ये?"

"कंघी."

"ये?"

"चाबी. मैडम, कुछ मुश्किल पूछिए ना."

खोलीतली माणसं हसली. डॉक्टरांनी जानरावांकडे पाहून मान हलवली. जानरावांनी घसा खाकरला. भीती होतीच, पण पोरगी बोलून राहिली, धडाधड बोलून राहिली, याचा आनंद त्याहून मोठा होता.

"साक्षी, हे काय व्हय?" त्यांनी छत्रीचं चित्र धरलं.

"छाता."

"मराठीत सांग ना माय."

"पप्पा, छाता ही तो है."

"बरं. सकाळी काय खाल्लं तू?"

"कुछ नहीं. भूखा रखा है सबने."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी मास्कवरून जानरावांकडे पाहिलं. "अंकल, मराठी में जवाब नहीं आ रहा."

आता खोटं चालणार नव्हतं.

"घर पे भी ऐसेच बोलती है, मैडम," ते खाली बघत म्हणाले. "हमेशा. मैंने कल... ऐसेच बोल दिया था."

"मतलब ये नॉर्मल है?"

"हाँ."

"पक्का? तो मैं बंद करूँ?"

पलीकडे एकानं डिंकाची सिरिंज तयार धरली. सगळे त्यांच्या एका शब्दावर थांबले होते. हो म्हटलं की नस बंद, आणि गुरुवारचं रक्त वाचलं. पण हिंदी उत्तरांवरून तिची मराठी शाबूत आहे की नाही, हे जानरावांना कळायला मार्ग नव्हता.

घरात एकच वाक्य असं होतं, जे साक्षीनं कधीच हिंदीत म्हटलं नव्हतं. मॅचच्या दिवशी रात्री जेवताना जानराव तिला डिवचायचे, आणि ती ताट बाजूला सारून उसळायची. त्या उसळीत नेहमी आईची भाषा यायची. आजवर एकदाही चुकली नव्हती.

ते तिच्या तोंडाजवळ वाकले.

"तुयी कॉमेंटरी म्हंजे ना, कोणी कढई घासून राहिलं असं वाटते."

साक्षीच्या भुवया वर गेल्या. डोळ्यांत ओळखीची ठिणगी आली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"तो फिर अंडे के ठेले के पीछे छुपके सुनते क्यों हो?"

सगळे हसले. शब्द चोख, ठसका तोच. एकटे जानराव हसले नाहीत. त्यांनी टेबलाची कड धरली.

"थांबा," ते म्हणाले. मग हिंदीत, "मत करो, मैडम. कुछ गया है."

"ठीक तो बोली."

"ठीक बोली. पर ये ऐसे नहीं बोलती."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. सिरिंज खाली ठेवायला लावली, औषधाचा असर उतरू दिला. पडद्यावर गुंता प्रत्येक ठोक्याबरोबर किंचित फुगत होता. थोड्या वेळानं त्यांनी खूण केली, आणि जानरावांनी तेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा म्हटलं.

"मंग अंड्याच्या ठेल्यामांगं लपून आयकता कावून?" साक्षी फणकारली. "एकच गोष्ट किती खेपा विचारान, पप्पा?"

डॉक्टर गीतांजली हळूच मागे टेकल्या.

"पयल्या खेपेस तू हिंदीत बोलली," जानराव म्हणाले.

"नाही. मराठीतच बोलली मी."

"हिंदीत बोलली, माय."

साक्षी छताकडे पाहत राहिली. त्या सकाळी तिची कॉमेंटरी पहिल्यांदा बंद पडली.

"मले तं मराठीतच आयकू आलं," ती म्हणाली.

तिसरी नस उघडीच ठेवून नळी बाहेर काढली. सर्जनना फोन झाला. ती नस आता त्यांनाच कवटीच्या आत पकडावी लागणार होती, वेळ जास्त लागणार होता, रक्तही जास्त लागणार होतं. संध्याकाळपर्यंत रक्तपेढीसमोर कोहक्याच्या दोन कबड्डी संघांची पोरं उभी होती, कपडे बदलायलाही न थांबता आलेली. आधी बाही कोण वर करणार यावरून त्यांच्यात भांडण लागलं.

रुक्माबाईंनी नवऱ्याला कॉरिडॉरच्या कोपऱ्यात गाठलं.

"नस बंद झाली असती तं ऑपरेशन सोपं गेलं असतं म्हंते."

"हो."

"आन तुमी थांबवलं."

"हो."

"एवढी खात्री होती?"

जानरावांनी पोरांच्या रांगेकडे पाहिलं. "ते वाक्य पोरगी हिंदीत बोलत नाही," ते म्हणाले. "तुले तं मालूम आहे."

रुक्माबाईंनी डबा उघडून नवऱ्याच्या हातात पोळी दिली.

गुरुवारी ऑपरेशन दिवस मावळेपर्यंत चाललं. सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. गुंता पूर्ण निघाला, त्यांनी सांगितलं. तिसऱ्या नसेनं त्रास दिला, एकदा बरंच रक्त गेलं, पण ती हाती लागली. बोलण्याबद्दल आज काहीच सांगता येणार नाही. घशातली श्वासाची नळी उद्या काढू.

आयसीयूत एकालाच सोडणार होते. रुक्माबाईंनी जानरावांना पुढे ढकललं.

साक्षीचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलं होतं, तोंडातून नळी, गालावर चिकटपट्टी. डोळे मिटलेले. जानरावांनी तिचा हात हातात घेतला, आजूबाजूला नर्स नाही असं पाहिलं, आणि कानाशी वाकून कढईचं वाक्य म्हटलं.

साक्षीनं डोळे उघडले. भुवया वर गेल्या. नळीच्या दोन्ही बाजूंनी तिचे ओठ हलले. एकदा, मग पुन्हा, चांगलं लांब वाक्य असावं तसे.

आवाज आला नाही. पहिला शब्द 'मंग' आहे की 'तो फिर', हे ओळखायला जानराव ओठांकडे बघत आणखी खाली वाकले.