खिडकीखालचं इंजिन

दवाखान्यातल्या श्वास तपासणीच्या खोलीतून दिवसभर एकच गजर ऐकू यायचा. "घ्या, घ्या, अजून घ्या... आता फुंका! फुंका, फुंका, फुंका!" त्यावरून तिथल्या तंत्रज्ञ बाईंचं नावच फुंकाबाई पडलं होतं. बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्यांचं डोकं फिरायचं ते खिडकीपायी.

खोली तळमजल्यावर, आणि खिडकीला लागून मॅनेजरसाहेबांची गाडी. साहेब आत मीटिंगमध्ये, बाहेर इंजिन चालू. का, तर साहेब येऊन बसले की गाडी गार असली पाहिजे. खिडकी उघडली की डिझेलचा धूर थेट पेशंटच्या नाकात, लावून घेतली तरी फटींतून यायचा तो येतच होता.

बाईंनी तीन अर्ज केले. पहिल्याला 'नोंद घेतली' असं उत्तर आलं. दुसऱ्यानंतर भिंतीवर 'इंजिन बंद ठेवा' अशी पाटी लागली, आणि गाडी बरोब्बर पाटीच्या पुढ्यात उभी राहू लागली, त्यामुळे पाटी दिसायचीच बंद झाली. तिसऱ्या अर्जाचं काय झालं ते देवच जाणे.

एके दिवशी जन्मभर शिंपीकाम करून थकलेले एक आजोबा सुनेला घेऊन आले होते. नळीत तीनदा नीट फुंकलं तरच तपासणी धरायची. आजोबा प्रत्येक वेळी छातीभर हवा घेत आणि खोकत सुटत. चौथ्यांदा त्यांनी नळी खाली ठेवली.

"बाई, खोल श्वास घ्या म्हणता. पण कशाचा घेऊ?"

सून खिडकीकडे बघत राहिली. बाई उठल्या, तशाच बाहेर गेल्या आणि गाडीच्या काचेवर टकटक केली.

"दादा, बंद करा हो जरा. आत म्हाताऱ्या माणसाचा जीव घाबराघुबरा झालाय."

ड्रायव्हरने काच चार बोटं खाली घेतली. "ताई, मला काय हौस आहे? गाडी तापलेली असली की साहेब माझ्यावर डाफरतात."

"येणार कधी साहेब?"

"पाच मिनिटांत येतो म्हणाले होते. त्याला आता पाऊण तास झाला."

मग बाई सरळ मीटिंगच्या खोलीत शिरल्या. सगळ्या माना वळल्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, "एवढंच ना?" म्हणाले, आणि ड्रायव्हरला फोन लावला. गाडी निघून गेली. आजोबांनी तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा आकडे जुळले. बाईंना वाटलं, सुटलो एकदाचे.

दुपारी डबा उघडला तोच लहान मुलांच्या वॉर्डातली नर्स तणतणत आली. "फुंकाबाई, ती गाडी आमच्या खिडकीखाली कुणी आणून लावली? दम्याची चार पोरं आहेत माझ्याकडे!"

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. त्या पुन्हा साहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"आता काय?" साहेब म्हणाले. "तुमच्या खिडकीखालून हलवली ना?"

"साहेब, हलवा नाही म्हटलं. बंद करा म्हटलं."

"तुमचं ना बाई, काही केलं तरी समाधान होत नाही!" साहेबांनी कागदात डोकं घातलं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. त्या मागच्या बाजूला, मुलांच्या वॉर्डाच्या खिडकीपाशी गेल्या तेव्हा ड्रायव्हर गाडीत नव्हता, पायरीवर बसला होता. इंजिन बंद होतं.

"आत एक पोर मशीन लावून बसलंय," तो म्हणाला. "काचेतून माझ्याकडेच बघत होतं. मग मलाच बसवेना."

"आणि साहेब?"

"खाईन शिव्या."

त्याने खरंच खाल्ल्या. गाडीचा दरवाजा आपटल्याचा आवाज नर्सला वॉर्डात ऐकू आला. दुसऱ्या दिवशी गाडी फाटकापाशी उभी होती, आणि इंजिन पुन्हा चालू.

बाईंनी चौथा अर्ज लिहायला घेतला. नर्सने सही केली, आठवड्याने आजोबांचा रिपोर्ट न्यायला आलेल्या सुनेनेही केली. बाई कागद घेऊन फाटकापाशी गेल्या, पण ड्रायव्हरने मान हलवली.

"सही नको ताई, या नोकरीवर घर चालतं माझं. पण हे घ्या." त्याने खिशातून चुरगळलेला कागद काढला. आठवडाभर रोज किती वाजता, किती मिनिटं इंजिन उगाच चालू होतं, ते त्याने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. "नाव माझं घालू नका."

बाईंनी तो अर्जाला टाचला, आणि या वेळी मॅनेजरसाहेबांना वगळून थेट वरच्या ऑफिसात नेऊन दिला. पोच मागून घेतली. उत्तर अजून आलेलं नाही. बाई रोज विचारायला जातात.