मधली जागा

थोरलीने सुरीच्या पाठीने जेवणाच्या टेबलावरचा वाळलेला डिंक खरवडला, तेव्हा त्याची खपली उडून थेट तिच्याच ताटात पडली. तिने ती दोन बोटांनी उचलली, उजेडात धरून पाहिली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. तिथे तिच्या धाकट्या बहिणीचा पसारा मांडलेला होता: रंगवलेल्या सात बाटल्या, कागदी पट्ट्यांची अर्धी फुले, रुमाल व्हायचे की टोपी हे अजून न ठरलेला क्रोशाचा एक गोल, आणि मातीचा एक प्राणी.

“ही कोंबडी आहे की किटली?”

“बदक आहे,” धाकटी स्वयंपाकघरातून म्हणाली. “चोच लावायचीय अजून.”

“लाव. म्हणजे चहा तरी ओतता येईल.”

धाकटी खळखळून हसली. टोमणा मारावा आणि समोरच्याने त्याचा आनंद घ्यावा, यासारखा वैताग नाही. थोरलीने ताट पुढे ओढले.

ती या घरात येऊन आठ महिने झाले होते. धाकटीचे यजमान गेले, थोरलीच्या घरमालकाला खोली परत हवी झाली, आणि दोन बहिणी पन्नास वर्षांनी पुन्हा एका छपराखाली आल्या. थोरलीने लग्न केले नव्हते. एकतीस वर्षे ती एका कापड गिरणीच्या नक्षी विभागात होती. पडद्यांची, पलंगपोसांची, उशांच्या अभ्र्यांची नक्षी ती काढायची आणि त्यावर हजारो वार कापड छापले जायचे. ब्रश कसा धुवावा, कसा सुकवावा, कुठल्या बोटात किती सैल धरावा, हे तिला झोपेतही कळत होते. आणि इथे धाकटी रंगाचा ब्रश चहाच्या कपात बुडवून ठेवायची. दर महिन्याला नवा छंद. ‘छंद’ हा शब्द थोरली जिभेवर आलेला केस काढावा तसा तोंडाबाहेर काढायची.

त्यातून बुधवार म्हणजे कहर. दुपारी चार वाजले की मंडळी जमायची. दातांची डॉक्टरीणबाई मातीची जनावरे करायची. तिच्या मांजरापासून मेंढीपर्यंत सगळ्यांचे दात मात्र अगदी बिनचूक, बत्तीसच्या बत्तीस. चष्म्याच्या दुकानाचे मालक डोंगर-नद्यांची चित्रे काढायचे, आणि त्या चित्रांत काहीही धड दिसायचे नाही. तिसरा होता बसवरचा निवृत्त कंडक्टर. उंचापुरा, राकट हातांचा हा माणूस मान खाली घालून रुमालांवर फुले भरायचा. टाका चुकला की उसवायचा, आणि उसवतानाही स्वतःशीच हसायचा. थोरलीला तो सगळ्यांत असह्य होता. कष्टाचे काम करून आलेल्या माणसाने तरी असा पोरखेळ करू नये, असे तिला वाटे.

ती आपल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचायची आणि कान टेबलाकडे ठेवायची.

“आज काय मजा आली बाई करताना!” डॉक्टरीणबाई म्हणायची.

मजा! एकतीस वर्षांत थोरलीने कामाबद्दल हा शब्द काढला नव्हता. काम बरोबर असते नाहीतर चूक असते.

एका बुधवारी मंडळी नेहमीपेक्षा लवकर आली आणि बराच वेळ एकमेकांना कोपराने ढोसत राहिली. शेवटी कंडक्टर उठून खोलीच्या दाराशी आला.

“ताई, एक विनंती होती. वाचनालयवाले आम्हाला त्यांचा हॉल देतायत, एका रविवारसाठी. आमच्या वस्तू मांडायला.”

“त्यांना दुसरं कुणी मिळालं नाही?”

“नाही मिळालं,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “तर असं ठरलंय की समोरच्या भिंतीवर मधोमध तुमचं चित्र लावायचं. आम्ही सगळे आजूबाजूला. आमच्यात खऱ्या कलाकार तुम्हीच.”

थोरलीने वर्तमानपत्राची घडी घातली. घडीवरून नख फिरवले.

“बघू,” ती म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिने बाजारात जाऊन जाड कागदाचे सहा ताव आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खोलीचे दार लावून घेतले. कागद ताणून फळीवर बसवला, रंग घोटले. एकदाच दाखवून द्यावे म्हणजे या लोकांना कळेल, असा तिचा विचार होता. हात अजून शाबूत होता. पहिली रेघ पडली ती अशी, की धाकटीने जन्मभर गिरवली तरी जमली नसती. देठ वर गेला, वळला, त्याला पान फुटले, पानाआडून फूल आले. अकराच्या सुमारास तिने मान मागे घेऊन कागद पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

देठ उजव्या कडेतून बाहेर गेला होता आणि डाव्या कडेतून बरोबर त्याच उंचीवर पुन्हा आत आला होता. वरचे अर्धे फूल खालच्या अर्ध्या फुलाला जुळत होते. चारही कोपऱ्यांत तिने नकळत फुलीच्या बारीक खुणासुद्धा केल्या होत्या. गिरणीतली नक्षी अशीच असते: एक तुकडा, जो चहूबाजूंनी स्वतःलाच जोडला जातो, म्हणजे तागा कितीही लांब असो, सांधा दिसत नाही. तिने काढले ते पडद्याचे कापड होते.

तिने कागद फाडला. दुसऱ्या दिवशी झाड काढायला घेतले. तेही कडेबाहेर चालू लागले. तिसऱ्या दिवशी फळे. चौथ्या दिवशी ती बराच वेळ कोऱ्या कागदासमोर हात मांडीवर ठेवून बसली. गिरणीत रोज सकाळी तिच्या टेबलावर एक चिठ्ठी असायची: ‘मोठी फुले, चार रंग, निळा नको.’ ‘पाने भरगच्च.’ ‘मागच्यासारखेच, पण वेगळे.’ त्या चिठ्ठ्यांचा तिने तेव्हा मनोमन उद्धार केला होता. आता तिने एक कपटा घेतला, त्यावर स्वतःच्याच हाताने लिहिले, ‘काहीही’, आणि तो कागदाशेजारी ठेवला. कपट्याकडे पाहता पाहता तिचे कान तापले. तिने तो चुरगळून टोपलीत टाकला.

टोपली रोज धाकटी रिकामी करायची. त्या दिवशी ती टोपली घेऊन गेली, रिकामी आणून ठेवली आणि जाताना दार हलकेच ओढून घेतले. एरवी ती दार सताड उघडे टाकून जायची.

पुढच्या बुधवारी कंडक्टर मोजपट्टी घेऊनच आला.

“ताई, चित्र केवढं आहे? खिळे त्या हिशेबानं मारायला हवेत.”

“चित्र नाही.”

सगळ्यांचे हात थांबले. थोरली दारात उभी होती.

“माझं काम असल्या बाटल्या-चिंध्यांच्या रांगेत लागणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही वेळ घालवायला बसता. घालवा. त्याला कला म्हणायचं आणि वर भिंतीला टांगायचं म्हणजे अतीच झालं. तुम्ही आयुष्यभर तिकिटं फाडलीत, आता रुमाल फाडा. मला त्यात ओढू नका.”

चष्मेवाल्यांनी आपला चष्मा काढून पुसला. डॉक्टरीणबाई हातातल्या मेंढीकडे बघत राहिली. कंडक्टरने मोजपट्टी सावकाश गुंडाळली.

“ठीक आहे, ताई,” तो म्हणाला. “पण मधली जागा आम्ही ठेवतो. रिकामी राहिली तर राहिली.”

मंडळी गेल्यावर धाकटीने टेबल पुसले. आज तिने डिंकसुद्धा खरवडला.

“त्याची बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती,” ती पाठमोरीच म्हणाली. “तिच्या उशाशी बसून शिकला तो भरायला. ती सांगायची, हा भरायचा.”

“मग?” थोरली म्हणाली. “त्यानं टाका सरळ येतो का?”

“नाही येत,” धाकटी म्हणाली आणि फडके पिळायला आत गेली.

रविवारी थोरली जाणार नव्हती. पण धाकटी सकाळीच निघून गेली, घर गप्प झाले, आणि लोक या जत्रेला कसे हसतात हे बघायला काय हरकत आहे, असे म्हणत साडेदहाला तिने चपला चढवल्या.

वाचनालयाचा हॉल लांबट होता. बाकांवर वर्तमानपत्र वाचणारे आपापल्या जागी होतेच. त्यांतले काही उठून, आळस देत, भिंतीकडे फिरकत होते. बाटल्या रांगेत होत्या. बदकाला चोच लागली होती आणि त्यामुळे काही फरक पडला नव्हता. थोरलीने एकेका वस्तूवरून नजर अशी फिरवली, जशी ती गिरणीत नवख्यांच्या कागदांवरून फिरवायची. मग ती समोरच्या भिंतीपाशी आली.

मधोमध, वरच्या खिळ्यांपासून खाली कमरेपर्यंत, पडद्याचे एक कापड लावले होते. मळकट पिवळ्यावर तपकिरी देठ, भरगच्च पाने, विटकरी फुले. तिने ते क्षणात ओळखले. बावीस वर्षांपूर्वीचे. खाली पुठ्ठ्याची चिठ्ठी होती, धाकटीच्या अक्षरात: ‘पडदा. ताई.’

तिने धाकटीला दंडाला धरून बाजूला ओढले.

“कुणाला विचारून लावलंस हे?”

“माझा पडदा आहे. माझ्या जुन्या घरात होता, बाहेरच्या खोलीत. नऊ वर्षं.” धाकटीने दंड सोडवून घेतला नाही. “तू पाहिला नसशील. तू त्या घरी आलीच नाहीस कधी.”

थोरली काही बोलणार तेवढ्यात एक गृहस्थ, काखेत वर्तमानपत्र धरून, भिंतीपाशी आले. त्यांनी पडद्याकडे पाहिले, आजूबाजूला पाहिले, दोन बोटांनी त्याचे टोक उचलले आणि मागे डोकावले.

“खिडकी असेल असं वाटलं,” ते म्हणाले.

“भिंत आहे,” थोरली म्हणाली.

“मग पडदा कशाला?” ते उत्तराची वाट न बघता पुढे गेले.

थोरलीच्या ओठांवर चांगला झणझणीत शब्द आला होता, पण तो कुणाला द्यावा हे तिला कळेना. गृहस्थांनी सोडलेले टोक दुमडून राहिले होते. जन्माच्या सवयीने ती वाकली आणि तळहाताने कापड सारखे करू लागली. हात मध्येच थांबला.

एका पानाच्या खाली, देठाच्याच तपकिरी रंगात, एक मुंगी होती. नखाएवढीही नाही. वीतभर अंतरावर तशीच दुसरी. मग तिसरी. नक्षी जिथे जिथे पुन्हा सुरू होत होती तिथे तिथे, पानाआड, एक मुंगी चालली होती.

तिला ती दुपार आठवली. चिठ्ठीवर भरगच्च पाने होती, ती काढून काढून तिचे मनगट आखडले होते, आणि फळीच्या कडेवरून एक मुंगी सरळ ओल्या रंगाकडे निघाली होती. तिने फुंकर मारून तिला वळवले होते आणि मग, का कोण जाणे, तिथे एक काढून ठेवली होती. वेगळा रंग लागला नव्हता म्हणून साहेबांच्या लक्षात आले नाही. कापड छापून, तागे बांधून गेले. आणि ती विसरली.

शेजारी कोणीतरी वाकल्याचे तिला जाणवले. कंडक्टर होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि नाक कापडाला लागेल इतके जवळ नेले.

“ताई,” तो म्हणाला, “हिला चारच पाय आहेत.”

“मुंगीला सहा असतात.”

“असतात. पण हिला चार आहेत.”

थोरलीने पाहिले. चारच होते. पुढच्या मुंगीला चार, तिच्या पुढच्या मुंगीला चार. हजारो वार कापडावर, देशभरच्या खिडक्यांवर, चार पायांच्या मुंग्या.

“तिच्या मुंग्यांना चारच असतात,” मागून धाकटी म्हणाली. “लहानपणी माझ्या वहीच्या समासात काढायची, तेव्हापासून. दुकानात पाय दिसले आणि मी कापड घेतलं.”

“ही काढायला कुणी सांगितली होती?” कंडक्टरने विचारले. विचारण्यात चेष्टा नव्हती. गेल्या बुधवारची अढीही नव्हती.

“कुणी नाही,” थोरली म्हणाली.

ती सरळ उभी राहिली. पदर सारखा केला. हॉलच्या दारातून एक बाई आपल्या सासूला घेऊन आत येत होती. सासू थेट पडद्याकडे आली आणि तिने हात पुढे केला.

“हे काय, पडदा? याच्यामागे काय आहे?”

“हात लावू नका,” थोरली खणखणीत आवाजात म्हणाली. वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. “वाका. आणखी थोडं. तुम्हाला वाकायला जमतं ना? त्या पानाखाली बघा.”